गादीच्या आतला शेरा

माझ्या मुलीला वास येत नाही. हे तिनं मला सांगितलेलं नाही, कुठल्या डॉक्टरनंही नाही, पण गेले चार महिने हा विचार डोक्यातून जात नाही. ती वेगळी राहते, रविवारी माझ्याकडे जेवायला येते. अशाच एका रविवारी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून आपल्या कात्र्या पुसत उभी होती. दूध उतू गेलं, आच विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. मी बाहेरच्या खोलीतून वासानं धावत आले. ती शेगडीपासून दोन हातांवर होती.

"काय गं, वास नाही आला?"

"सर्दी आहे."

तिला सर्दी नव्हती. सर्दी झाली की ती सगळं घर डोक्यावर घेते.

तेव्हापासून मी लक्ष ठेवते आहे. दूध नासलंय का बघ म्हटलं की ती जिभेला थेंब लावते. टॉवेल धुतलेला आहे का विचारलं तर हात फिरवून सांगते. पूर्वी ही मुलगी जिना चढतानाच आज कोणी काय जाळलं ते सांगायची. दुसऱ्या कुणाला वास येईनासा झाला असता तर जेवणाची चव गेली, एवढ्यावर भागलं असतं. हिचं पोटच नाकावर आहे.

ती गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवते. घरात तिला चिमटी म्हणतात, कारण लहानपणी ती प्रत्येक गोष्टीला चिमटा काढून बघायची. पडदा, उशी, पाहुण्यांची बाही, काही सुटायचं नाही. एका पाहुण्यांना तर तिनं तोंडावर सांगितलं होतं, "काका, तुमचा पट्टा खोटा आहे." ते हसले, पण पुन्हा आमच्याकडे तो पट्टा घालून आले नाहीत.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या स्कूटरची सीट फाटली. ती दुरुस्तीला म्हणून सीटा शिवणाऱ्या एका कारखान्यात गेली आणि तीन तास परत आली नाही. झालं असं, की शिवण वाकडी चाललीय असं तिनं कारखान्याच्या मालकांना, म्हणजे वस्तादांना, सांगितलं. वस्ताद अंगानं काटकुळे, चष्मा दोरीला बांधून गळ्यात टाकणारे. ते मशीनवरून उठले आणि म्हणाले, "मग बसा. तुम्हीच शिवा." ती बसली. तिनं शिवलेली त्यांच्यापेक्षाही वाकडी झाली, पण उसवून पुन्हा शिवली, पुन्हा उसवली. तिसऱ्या खेपेला वस्ताद म्हणाले, "उद्यापासून सकाळी नऊला. उशीर चालणार नाही." याला आता तेरा वर्षं झाली.

माझी धाकटी बहीण बरेच दिवस मला ऐकवत होती. "कॉलेजात घातली होतीस की गाद्या भरायला?" चिमटी शांतपणे म्हणाली, "मावशी, तुझा सोफा आण. तुझ्या मापानं भरून देते, गादी दोन वर्षं खाली बसणार नाही." मावशीनं पुढे सोफा आणलाही. चिमटीनं तिला अस्सल लेदर देऊ दिलं नाही. "तुझ्याकडे नातवंडं येतात. एखादं ओकलं तर रेक्झिन पुसता येतं. लेदरला डाग पडला की तू मला जन्मभर शिव्या देशील."

मलाही आधी वाटायचं, की खरं चामडं म्हणजे चांगलं आणि रेक्झिन म्हणजे फसवणूक. पण ज्या सीटला सगळे लेदरची सीट म्हणतात तिच्यातही लेदर असतं ते अंग टेकतं तेवढ्याच भागाला. बाजूच्या पट्ट्या, पाठीमागचा भाग, खालचा घेर हे रेक्झिनच असतं, आणि त्यात लपवाछपवी काही नाही. वस्तादांचं म्हणणं असं, की रेक्झिन वाईट नाही, रेक्झिनला लेदर म्हणणं वाईट. एरवी ते गमतीनं म्हणतात, "दिसतं तसं नसतं, म्हणून तर आपलं पोट भरतं."

दोन्ही ओळखायला चिमटा पुरतो. खऱ्या चामड्याला चिमटा काढला की हाताच्या पाठीवर पडतात तशा बारीक सुरकुत्या पडतात. रेक्झिनला एकच जाड घडी पडते. खरी पंचाईत तिसऱ्या जातीची. तिला कारखान्यात चुऱ्याचं म्हणतात. चामड्याचा भुसा डिंकात कालवून कापडावर थापतात आणि वर रंगाचा पातळ थर देतात. "आपल्या कपाटाची फळी आपण लाकडाची म्हणतो ना आई, तसं," चिमटीनं मला समजावलं होतं. समोरून लेदर, मागून लेदर, चिमट्यालाही पुष्कळदा फसवणारं, आणि वासही चामड्याचाच. फक्त त्या वासाच्या खाली डिंकाचा एक गोडसर वास असतो. तो तिला यायचा. वस्तादांनाही येत नव्हता. तुकडा नाकाशी नेला की ती बोलून मोकळी व्हायची. दोन तुकड्यांवर पाण्याचा थेंब टाकून कुठला शोषतो, म्हणजे अस्सल, ते बघावं, कडेचे धागे भिंगाखाली धरावेत, हे तिला बाकीच्यांचे उद्योग वाटायचे.

त्या नाकामुळेच वस्ताद पुढच्या वर्षापासून दुकान तिच्या हातात द्यायचं म्हणत होते. त्यांचा पुतण्या शिवणात तिच्याहून उजवा आहे, हे तीही मान्य करते. पण वस्ताद म्हणतात, "शिवणारे शंभर मिळतात. निवडणारा मिळत नाही."

कारखान्याच्या मागच्या खोलीत सोल्यूशन लावायचं काम चालतं. फोमवर कापड चिकटवायचं ते रबरी सोल्यूशन, डब्यातून ब्रशनं किंवा पिचकारीनं. खोलीला एक खिडकी, तीही अर्धी मालानं झाकलेली. तोंडाला बांधायचा मास्क खिळ्याला लटकलेला मी कितीदा पाहिला. "तो घालायला असतो, टांगायला नाही," मी म्हणायची. "मास्क घातला की वास कळत नाही आई. मग मी निवडू कशी?"

आता शेऱ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कव्हर चढवून कड्या आवळण्याआधी, ज्यानं शिवलं तो आतल्या फोमवर मार्करनं लिहून ठेवतो: कुठे काय लावलं, तारीख, आणि आपली खूण. गिऱ्हाईक तो शेरा कधीच बघत नाही. दहा-पंधरा वर्षांनी सीट पुन्हा उघडेल त्या कारागिरासाठी तो असतो. गिऱ्हाइकाशी गोड बोलतील, तारीख चुकवतील, पण आतला शेरा खोटा लिहिणारा माणूस या धंद्यात कोणी जवळ करत नाही. एकदा चिमटीनं एक जुनाट सीट उघडली. आत कुणा अनोळखी कारागिराचं अक्षर होतं: "घाईत शिवलं आहे. डाव्या बाजूबद्दल माफी." तिनं आधी डावी बाजू तपासली. खरोखर वाईट होती. आठवडाभर ती हे ज्याला त्याला सांगत होती. तिची स्वतःची खूण म्हणजे टोकाशी टेकलेल्या दोन छोट्या रेघा, चिमट्यासारख्या.

कारखान्याला चामडं पुरवतात ते काका. वय सत्तरीच्या पुढे, स्कूटरच्या मागे गठ्ठा बांधून दुकानोदुकानी फिरतात. पूर्ण चामडी आणतात, आणि कधी कापून उरलेले तुकडेही आणतात. लहान कामाला तुकडे परवडतात. तुकड्यांचा गठ्ठा जमिनीवर सोडायचा, चिमटीनं एकेक उचलायचा, अस्सल उजवीकडे, चुऱ्याचा डावीकडे. ती ठेवील त्या ढिगाला काकांनी कधी हरकत घेतली नाही. ते तिला नातीबाई म्हणतात.

चौदा महिन्यांपूर्वी असाच एक गठ्ठा आला. वस्ताद बँकेत गेले होते. त्या रविवारी जेवताना चिमटीनं मला काकांची नक्कल करून दाखवली होती. घोगरा आवाज काढून म्हणाली, "'नातीबाई, यात सरमिसळ आहे हं. मलाच ओळखू येईना. तूच नाक चालव.' मी म्हटलं, सरमिसळ काय, सगळा उकिरडा आणा काका, माझं नाक बसलंय इथं." आम्ही दोघी हसलो होतो. म्हणूनच माझ्या लक्षात राहिलं.

त्या गठ्ठ्यातले उजवीकडचे तुकडे एका बाईंच्या गाडीला लागले. त्या लोकांना गाडी चालवायला शिकवतात. दिवसाला बारा-बारा शिकाऊ त्यांच्या सीटवर घाबरून घामाघूम होतात, म्हणून त्यांना अस्सलच हवं होतं. गेल्या सोमवारी त्या कारखान्यात आल्या आणि शांतपणे वस्तादांना म्हणाल्या, "माझी सीट कात टाकतेय." त्यांच्याबरोबरच्या शिकाऊ माणसाच्या पँटला मागून काळे पापुद्रे चिकटले होते. "गाडीतून उतरला की पोरं त्याला विचारतात, कुठल्या झाडाला टेकला होतास. मला अस्सल म्हणून सांगितलंत ना तुम्ही?"

वस्तादांनी त्यांच्यादेखतच कव्हर उघडलं. पापुद्र्याखाली भुसा आणि भुशाखाली कापड. आत फोमवर लिहिलेलं: "बसायची बाजू अस्सल. पट्ट्या आणि पाठ रेक्झिन." खाली टेकलेल्या दोन रेघा.

हे चिमटीनंच मला फोनवर सांगितलं, अगदी सपाट आवाजात. वस्तादांनी शेरा दोनदा वाचला आणि तिला म्हणाले, "तू लिहिलंस म्हणजे तुला अस्सल म्हणून दिलं. म्हाताऱ्यानं या वयात गंडवलं आपल्याला." चुकलं असेल तर तिचं चुकलं असेल, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. ती काय म्हणाली, ते मी विचारलं. "काही नाही. मशीनवर काम पडलं होतं."

गुरुवारी मी माझ्या खुर्चीची गादी आणायला कारखान्यात गेले, तेव्हा काका आलेले होते. वस्तादांनी सोललेला तुकडा टेबलावर ठेवला होता. काका तो उलटसुलट करून बघत होते.

"पंचवीस वर्षांत एक खोटा तुकडा दिला का तुम्हाला?"

"पंचवीस वर्षांत पकडला नाही, असं म्हणा."

"तसं बोलू नका वस्ताद. मी त्या दिवशी सांगितलं होतं, यात सरमिसळ आहे म्हणून. तुम्ही बँकेत होतात. ही होती. हिला विचारा."

वस्तादांनी चिमटीकडे बघितलं. ती सुईत दोरा ओवत होती. तिच्या अॅप्रनच्या खिशातून डोळ्यांच्या औषधाची छोटी बाटली डोकावत होती. दीड वर्षापूर्वी मी विचारलं होतं, ही कशाला. आत साधं पाणी होतं. "खात्री करायला," ती म्हणाली होती. "नाकानं होत नाही?" "नाकाचं वय झालं आता." मी ते थट्टेवारी नेलं होतं. म्हणजे त्या गठ्ठ्याच्या आधीच केव्हातरी तिला कळलं होतं आणि तिनं थेंबाची परीक्षा सुरू केली होती. फक्त त्या दिवशी, काका समोर उभे, म्हणून ती सवयीनं एकेक तुकडा नाकाशी नेत गेली असणार आणि उजवी-डावीकडे टाकत गेली असणार. वास येत नाही हे कबूल करण्यापेक्षा वास घेतल्यासारखं करणं सोपं होतं.

"आठवत नाही," ती म्हणाली.

काकांना आधी ऐकू आलं नसावं असं वाटलं. "काय म्हणालीस?"

"रोज इतके तुकडे येतात काका. नाही आठवत."

"नातीबाई, तू हसली होतीस. उकिरडा आणा म्हणालीस."

तिनं दोरा ओवला आणि गाठ मारली. पुतण्या खाली बघून फोम कापत राहिला. काकांनी तो तुकडा परत टेबलावर ठेवला. म्हणाले, "बरं. मुलीला आठवत नाही तर नाही." त्यांची स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली. मीही तिथे उभी होते. मलाही सगळं आठवत होतं, आणि मीही बोलले नाही.

वस्ताद माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमच्या मुलीचं नाव आहे या शेऱ्याखाली, आणि दुकानाच्या पाटीवर माझं. मी हे असंच सोडणार नाही." शनिवारी सकाळी अकराला सगळ्या सीटवाल्यांची महिन्याची बैठक असते. तिथे तो तुकडा नेऊन दाखवायचा आणि काकांचा माल कोणीही घेऊ नये असं ठरवायचं, हे त्यांनी मला तिथेच सांगितलं. वस्ताद दुष्ट नाहीत. शेऱ्यावर त्यांचा विश्वास आहे, आणि शेरा चिमटीचा आहे.

ती मला दारापर्यंत पोचवायला आली.

"चिमटे, काकांनी सांगितलं होतं तुला."

"गादी घेतलीस ना? मग नीघ आता. उकाडा वाढेल."

"मला आठवतंय."

"तुला आठवून काय उपयोग? शेरा मी लिहिलाय."

एवढं बोलून ती आत गेली. मी पायरीवर गादी धरून उभी राहिले. ती वळून मास्क घालेल, असं उगीचच वाटलं. ती तशीच मागच्या खोलीत गेली.

दोन दिवस मी तिच्या बाजूनं विचार करून बघते आहे. ती खोटारडी नाही, घाबरलेली आहे. नाक गेलं म्हटलं की दुकान पुतण्याकडे जाईल, आणि तेरा वर्षं ज्याच्या जोरावर ती मान वर करून बोलली ते जाईल. वस्ताद तिला काढून टाकणार नाहीत, हात तिचे तेच आहेत. पण हात असणारे शंभर मिळतात, हे तिनं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. हे सगळं मला पटतं. आणि प्रत्येक वेळी याच्या शेवटी ते सत्तरीचे काका येतात, ज्यांच्याकडून उद्या दुपारपासून कोणी एक तुकडाही घेणार नाही. त्यांनी खरं सांगितलं होतं, आणि ते ऐकणाऱ्या एकट्या माणसानं आठवत नाही म्हटलं. ते माहीत असलेली दुसरी मी.

वस्तादांना फोन करावा, असं संध्याकाळपासून चार वेळा मनात आलं. ते नऊलाच झोपतात आणि फोन बंद ठेवतात, म्हणून ते राहिलं, असं म्हणायला मी मोकळी आहे. खरं म्हणजे मी त्यांना सांगितलं, तर काका सुटतील आणि चिमटी कायमची पकडली गेलेली राहील. तिनं स्वतः सांगितलं, तर तिला त्यांच्यासमोर पुन्हा मशीनवर बसता येईल. हा फरक तिलाही कळतो, आतला शेरा लिहिणाऱ्या माणसाला तर कळतोच. पण तिला कोणी विचारलेलंच नाही. वस्तादांनी काकांबद्दल विचारलं, मी काकांबद्दल विचारलं. नाकाबद्दल कुणी विचारलं नाही. मला चार महिने संशय आहे आणि मी दुधाच्या पातेल्यावरून तिच्या परीक्षा घेत बसले.

साडेबारा वाजलेत. बैठकीला साडेदहा तास आहेत. मी आता तिलाच फोन करणार आहे. झोपली असेल तर उठवेन. काकांचा विषय आधी काढायचा नाही, तो काढला की ती फोन ठेवेल. फक्त एवढंच विचारायचं, वास यायचा कधीपासून थांबला, आणि तिचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. मग सांगायचं, की सोमवारी नाकाच्या डॉक्टरकडे मी बरोबर येते. आणि उद्या नऊला, वस्ताद तो तुकडा पिशवीत घालायच्या आधी, ती कारखान्यात त्यांच्यासमोर उभी असायला हवी. ती नाही म्हणाली, तर अकराला बैठकीच्या दाराशी सगळं सांगायला मी उभी असेन. हे तिला मागून कळायला नको, म्हणून तेही याच फोनवर सांगणार आहे.